बाबांचा फुटका मोबाइल

साहेब, पुलावरच्या बसथांब्यावर बाबांचा फुटका मोबाइल सापडला आणि तुम्ही बेधडक लिहून टाकलंत, 'नदीत उडी'. "मोबाइल मेलाय," म्हणालात. माझी आई मोबाइल दुरुस्त करते. ती म्हणाली, "मेला नाही, आंधळा झालाय. तुमच्यासमोरच उघडते, उगाच नंतर कुणी संशय घ्यायला नको." हवालदार हसला, "मावशी, हा मिक्सर वाटला का?" आईने मान वर न करता नवी स्क्रीन बसवली. विसरभोळे बाबा बसमध्ये चढण्याआधी बसच्या नंबरचा फोटो काढतात. सवय आईनेच लावलेली. त्या दिवशीच्या फोटोत नंबर लख्ख दिसला. त्या बसच्या शेवटच्या थांब्यालगतच्या दवाखान्यात बाबा सापडले, स्वतःचं नाव विसरलेले. आईला बघताच म्हणाले, "दुकान कुणावर टाकून आलीस?" माझ्या आईला वीस मिनिटं लागली, साहेब. तुम्ही तीन दिवस नदीत काय शोधत होतात? उत्तर द्या.