शिंगावरचा हिंगूळ

पाखऱ्याची जीभ बाईंच्या मुठीत होती. आकाराम वेसण घट्ट धरून उभा होता. साखर कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, पण पाखऱ्या आता गाडी ओढण्यातला राहिला नव्हता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. खुरांच्या बेचक्या सोलल्या होत्या. लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेतून आलेल्या विजयमालाबाईंनी जिभेवरच्या फुटलेल्या फोडाची साल चिमट्यानं अलगद उचलली, ग्लिसरीनच्या कुपीत टाकली आणि कुपी बर्फाच्या डब्यात ठेवली.

"बैल टोचला होता?" त्यांनी विचारलं.

"माझ्या डोळ्यांदेखत. सुई मानंत गेली तवा हीच वेसण धरून हुबा हुतो."

शेजारच्या गाडीवरून सिद्धू खो खो हसला. "तात्या, तू सुई टोचून घेतलीस, तुझा बैल लाळ गाळतोय. म्या बेंदराचा उरल्याला हिंगूळ शिंगास्नी फासला, माझी जोडी बघ कशी रवंथ करतीया!"

तळावर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. शहात्तर सालचा तो हंगाम. लाळ-खुरकुताची लस टोचल्याशिवाय गाडीला नंबर नाही, असा कारखान्याचा नियम झाला होता. टोचलेल्या बैलाच्या शिंगावर खात्याचा माणूस तांबडा पट्टा मारायचा. सुईनं बैलाची ताकद उतरते, अशी आवई उठली आणि निम्म्या गाडीवानांनी घरच्या घरीच शिंगं रंगवून घेतली. आकारामनं तसं केलं नाही. तो फौजेतून आलेला माणूस. रांगेत उभं राहून त्यानं दोन्ही बैल टोचून घेतले होते. आता खरा पट्टा कुठला आणि बेंदराचा हिंगूळ कुठला, हे सांगणार कोण?

जीपमधून बाईंचे वरिष्ठ, सयाजीराव साहेब उतरले. त्यांनी पाखऱ्याचं शिंग नखानं खरवडलं.

"हिंगूळ," ते म्हणाले. "मॅडम, न टोचलेलं जनावर, असं लिहा आणि सही करा. कारखाना याचा नंबर काढून घेईल. बाकीच्यांना जरा धाक बसेल."

आकारामची कानशिलं तापली. "सायेब, नंबर काढायचा तर काढा. पर मला लबाड म्हनायचं न्हाई."

"बैल टोचलेला आहे," बाई म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

"म्हणजे आपली लस खोटी?"

"रोग बदलला असेल, तर त्याच्यापुढं खोटीच. तपासून सांगते."

साहेब दोन पावलं जवळ आले. आवाज खाली गेला, तरी आकारामला ऐकू आलं. "ही लस खोटी ठरली तर कुणाचं नाव मातीत जाईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मी तुमच्या भल्याचं सांगतोय, विजयमाला."

"विषाणूला कुणाचं भलं कळत नाही, सर."

आकारामनं साहेबाच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं. नाव त्याचंच असणार. बाईंची नोकरी आता राहत नाही, असं त्याला वाटून गेलं. बाईंनी मात्र बर्फाचा डबा उचलून काखेत घेतला आणि त्या जीपमध्ये न बसता एसटीच्या थांब्याकडं चालू लागल्या.

कारखान्यानं नंबर काढून घेतला. आकाराम घरी बसून पाखऱ्याचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धूत राहिला आणि त्याला पातळ कण्या भरवत राहिला. गावातली माणसं येता-जाता विचारायची, "काय तात्या, हिंगूळ कुठला वापरलास रं?" पुढं सिद्धूची जोडीही बसली. मग टोचलेले, न टोचलेले, सगळेच बैल लाळ गाळू लागले. तरी लबाड म्हणून नाव निघायचं ते आकारामचंच.

ऊस सरत आला असताना बाई परत आल्या. सरळ त्याच्या गोठ्यात शिरल्या आणि पदर खोचून पाखऱ्याचे खूर औषधाच्या पाण्यानं धुवायला बसल्या.

"तुम्ही खरं बोललात, तात्या. कोरेगावला माझ्या वडिलांचे बैल आहेत. धडधाकट. त्यांना मी माझ्या हातानं टोचलं होतं, तिथं हिंगुळाचा प्रश्न नव्हता. त्यांचं रक्त घेतलं. त्यातली वर येणारी पिवळसर निवळ एका नळीत जुन्या रोगाशी गाठ घालून ठेवली, दुसरीत पाखऱ्याच्या जिभेवरच्या रोगाशी. जुना रोग पार नामोहरम झाला. हा नवा जसाच्या तसा राहिला. तोंडवळा बदलून आलाय तो. रक्तानं त्याला ओळखलंच नाही."

"मग सायेब काय म्हनला?"

"अहवाल फाडा म्हणाले. मी तो वर पाठवला. जुनी लस बंद झाली. आता पाखऱ्याच्या जिभेवरून नवी करायची. तुमचा नंबर कारखान्यानं परत दिलाय."

आकारामनं पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"नंबराचं ऱ्हाऊ द्या. गावानं मला लबाड म्हनलं, बाई. ज्यानं ती लस काढली, त्याला एकदा ह्या बैलाम्होरं हुबा करा. तोंड बघायचंय मला त्येचं. तुमच्या सायबाचीच न्हवं ती?"

बाईंनी खूर खाली ठेवला. ओले हात पदराला पुसत त्या उठल्या आणि पाखऱ्याच्या तोंडासमोर येऊन थांबल्या. इतका वेळ शहरातलं बोलणाऱ्या बाई एकदम कोरेगावच्या झाल्या.

"न्हाई, तात्या. लस माझी हाय. बघा तोंड."