वेगवान रिसीव्हर

"रिसीव्हर म्हणजे चेंडू झेलून पळणारा गडी, तो घड्याळ लावूनच निवडायचा," बँकेतला शैलेंद्र म्हणाला. हरलो तर कप्तानी सोडीन, असं सांगून त्याने इथल्या, आखातातल्या सनद गावच्या आमच्या हौशी अमेरिकन फुटबॉल संघात, धावण्यात पहिला आलेला रत्नागिरीचा शहजाद घेतला.

"अरे, पण त्याला हा खेळ येतो का?" शैलेंद्रच्या बायकोने, मेधाने विचारलं.

"खेळ शिकवता येतो गं, वेग नाही. यल्ला, चला!"

फायनलच्या शेवटच्या मिनिटाला शहजादने चेंडू झकास झेलला. पुढे मैदान मोकळं, वाटेत एकच आडदांड अमेरिकन. त्याला चुकवलं की कप आमचा.

 

शहजादने त्याला हात लावला आणि 'कबड्डी, कबड्डी' म्हणत आपल्याच हद्दीकडे असा सुसाट सुटला, की आमच्यापैकी कुणालाच तो पकडता आला नाही.