गढूळ नमुना

मोरोपंतांच्या लघवीतला पू गेल्या आठवड्यातच संपला होता. "काका, आता तपासायला यायची गरज नाही," असं लॅबमधल्या सरलानं हसून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहराच पडला. मध्य प्रदेशातल्या कन्नौदच्या त्या गल्लीत मराठी बोलायला त्यांना ती आणि तिला ते, एवढंच. एरवी लॅबमध्ये "दीदी, रिपोर्ट बन गई क्या?" यापलीकडे तिच्याशीही कुणी बोलत नसे. आज स्वारी पुन्हा हजर! बाटलीतला नमुना पांढरट, गढूळ. "पुन्हा बिघडलं बघ," म्हणत ते बाकावर ऐसपैस बसले आणि गेलेल्या बायकोच्या रुसव्यांबद्दल सांगू लागले. सरलानं सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला. पुवाची एकही पेशी नव्हती. लहानमोठे चकचकीत मणी तेवढे तरंगत होते. दुधातली चरबी! तिनं गुपचूप बाटली बेसिनमध्ये ओतली. "काय निघालं गं?" "सोमवारी या, काका. दूध मात्र वेगळं आणा. चहा मी टाकते."