गुरुवारची मावशी

इस्त्री फ्रीजमध्ये सापडली. दुधाच्या पिशवीशेजारी, वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"आई, ही इथे कशी?"

"अगं बाई," आई म्हणाली. "मग मी मगाशी कपाटात काय ठेवलं?"

कपाटात, लेखक मुलाच्या शर्टांवर, लोण्याचा डबा होता.

लेखकाला हसू आलं, आणि पाठोपाठ पहिलं वाक्यही सुचलं: 'आमच्या मावशीनं काल माझ्या शर्टांना लोणी लावलं.' मग त्याला स्वतःची लाज वाटली. फ्रीजचं दार लावून तो तसाच, दाराकडे तोंड करून उभा राहिला.

'आमची मावशी' हे त्याचं सदर. गुरुवारी मजकूर द्यायचा, शनिवारी छापून यायचा. मावशी अर्थात कोणीच नव्हती. त्याच्या आईला बहीणच नव्हती. नाव तेवढं बदललं होतं, बाकी चष्म्यापासून चपलांपर्यंत सगळी आईच होती.

वर्षापूर्वी तो चिंतनपर लिहायचा. काळावर, एकटेपणावर, रिकाम्या खुर्च्यांवर. संपादकांनी तीन महिने सोसलं आणि मग बोलावून घेतलं.

"तुझा वाचक एका हातात चहाचा कप घेऊन उभ्याउभ्या वाचतो," ते म्हणाले. "त्याला चिंतन नको, चिमटा हवा. समोरचा माणूस बघून लिहिण्याचा प्रकार निवडावा. विनोदी लिही, नाहीतर ती जागा मी शब्दकोड्याला देतो."

याआधी दोन सदरं बंद पडली होती. हेही गेलं असतं, तर लेखक म्हणवून घ्यायला त्याच्याकडे काही उरलं नसतं. घरी येऊन त्यानं आईसमोर डोक्याला हात लावला. "विनोदी लिही म्हणे. आपल्या घरात हसण्यासारखं घडतं तरी काय?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच आठवड्यात तिचा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला आणि लेखकाचं नशीब उघडलं.

आई सदर वाचत नाही, एवढाच त्याला आधार होता. "एवढी बारीक अक्षरं आता कुठली दिसायला मला," ती म्हणायची आणि शनिवारी सकाळी खालच्या शिंपिणीकडे काजं करायला जाऊन बसायची.

चष्म्यानंतर चपला वॉशिंग मशीनमध्ये निघाल्या. मग एकदा ती शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभी राहिली आणि ते बाहेर आल्यावर, माझ्या घरात काय करताय, म्हणून त्यांच्यावरच उखडली. त्या लेखाला सर्वांत जास्त पत्रं आली. त्यात एक पोस्टकार्ड होतं, कुणा म्हाताऱ्या वाचकाचं. 'माझ्या पत्नीचीही सुरुवात अशीच झाली होती. मावशींना डॉक्टरांना दाखवा.'

ते कार्ड त्यानं खणात टाकलं. दोन आठवडे ते तिथेच होतं, आणि त्या दोन आठवड्यांत त्यानं दोन सदरं लिहिली.

आईनं पस्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली होती. अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. अशा बाईला लोणी आणि इस्त्री कळेनाशी झाली होती, आणि तिचा पोटचा पोरगा त्यावर टाळ्या मिळवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं संपादकांना फोन केला. "मावशी बंद."

"मग कोडं टाकू?"

"टाका."

डॉक्टरांकडे निघताना आईनं चपला घालता घालता विचारलं, "आज गुरुवार ना? तुला ऑफिसात नाही जायचं?"

"नाही."

तिनं दुसरी चप्पल सावकाश पायात सरकवली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"रविवार," आई म्हणाली.

लेखकानं मान खाली घातली. घरून निघताना तिला वार माहीत होता. वीस मिनिटांत तोही गेला.

"बरं, शंभरातून सात वजा करा."

"कशाला? असू देत की शंभरच्या शंभर. अडीअडचणीला लागतील."

डॉक्टरबाई हसल्या. लेखकाचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला. आईनं त्या हाताकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं. त्यानं पेन सोडून दिलं. असल्या हाताचं काय करावं, हे त्याला कळेना.

"आता शेवटचं," डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "मनात येईल ते एखाद-दुसरं वाक्य लिहा."

"कोण वाचणार?" आईनं विचारलं.

"मी."

"मग ठीक." डाव्या हाताचा आडोसा करून तिनं लिहिलं, कागद पालथा ठेवला आणि नर्सबरोबर वजन करायला आत गेली.

दार लागलं तसा लेखकाचा बांध फुटला. "किती बिघडलंय ते खरं सांगा. मी तिच्या या आजारावर विनोद लिहीत होतो, डॉक्टर. वर्षभर. लोक हसले, मीही हसलो. घरी बसून तिच्या चुकांची वाट बघायचो."

डॉक्टरबाईंनी कागद उलटून वाचला. मग पुन्हा वाचला. बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"खरं तर हे मी तुम्हाला दाखवू नये," त्या म्हणाल्या आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

अक्षर लहान, सरळ आणि स्वच्छ होतं.

'डॉक्टर, माझं डोकं ठणठणीत आहे, पण त्याला तसं सांगू नका. आज गुरुवार आहे आणि पोराचं सदर अजून लिहून व्हायचंय.'