ओलावा तीन, नळी सत्तावीस

तोंड उघडायचं नाही, एवढीच अट होती. आणि नेमकी तीच तिला जमत नव्हती. घरात तिला रेडिओ म्हणत. नाकावर मास्क असताना रेडिओ बोलायला गेला, की सगळी हवा तोंडातून भस्सकन बाहेर यायची आणि शब्द आतच राहायचे.

"गप पड," दाराजवळच्या स्टुलावरून बाबा म्हणाले. "शेवटचे दोन तास राहिलेत. मग आयुष्यभर बोल."

दुपारचे चार वाजले होते. दार बंद, खिडकी बंद, पडदा ओढलेला. आज तिसावा दिवस. बाबा बसचे ड्रायव्हर; झोपेत श्वास अडतो म्हणून त्यांना गाडीवरून उतरवलं होतं. झोपेत नाकातून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं मशीन रोज चार तास, सलग तीस दिवस लावल्याची नोंद दाखवली, की स्टेअरिंग परत हातात. उद्या मशीन डेपोच्या डॉक्टरांकडे जाणार होतं. मशीनला नाक लागतं. ते कुणाचं, हे त्याला कळत नाही. म्हणून सकाळची शाळा सुटली, की दोन ते सहा रेडिओचं नाक.

हे तीस दिवस सुरू होण्याआधी बाबांनी स्वतः तीनच रात्री लावलं होतं. एसी अठरावर, मशीनच्या हवेतला ओलावा शेवटच्या आकड्यावर. गार नळीत त्या ओलाव्याचं पाणी व्हायचं आणि झोपेत सपकन नाकात यायचं. "मी काय मासा आहे?" म्हणून त्यांनी मास्क भिरकावला, तो भिरकावलाच.

रेडिओला भिरकावायची सोय नव्हती. तिनं ओलावा उतरवला, तर नाक इतकं कोरडं पडलं की वर्गात शिंकांनी शेजारीण बाक सोडून गेली. चढवला, तर नळीत गुळगुळ. तिसऱ्या आठवड्यात कुठे गणित सुटलं. एसी चोवीस, ओलावा तीन, नळीची ऊब सत्तावीस आणि नळीभोवती जुना मफलर गुंडाळलेला. आता हवा अशी यायची की येतेय हेच कळू नये. एवढा मोठा शोध लावला आणि कुणाला सांगायची चोरी! खरा छळ हा होता.

खिडकीखालून हाक आली. "अगं ए, येतेस का?"

"झोपलीय ती," बाबांनी पडद्याआडूनच सांगितलं.

"रोजच काय झोपते हो काका? बरं नाही का तिला?"

"वाढीचं वय आहे!"

रेडिओला हसू फुटलं, मास्क एका बाजूनं उचलला गेला आणि हवा फुर्रर्र करून गालावरून गेली. बाबांनी बोट उगारलं. ती पुन्हा छताकडे बघत पडली. छतावरचा प्रत्येक पोपडा आता तिला तोंडपाठ होता.

बाबा मात्र खुशीत होते. "सकाळची सहाची गाडी मागून घेणार मी. वळणं आहेत त्या रूटवर, पण गाडी कशी पळते! उभे धरून पासष्ट पॅसेंजर. एकेकाला मी..."

शब्द आठवत असतील, असं तिला वाटलं. मग तिनं मान वळवली. बाबांची हनुवटी छातीवर टेकली होती. एक घोरणं, दुसरं, आणि मग काहीच नाही. छाती हलेना. ती मोजायला लागली. दहा. चौदा. एकोणीस. पाण्यातून कुणी वर ओढावं तसा बाबांना हिसका बसला.

"...नावानिशी ओळखतो," त्यांनी वाक्य पुरं केलं. आपण मधे नव्हतोच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढच्या मिनिटाला मान पुन्हा खाली.

भिंतीपलीकडून हे तिनं रोज ऐकलं होतं. पाहिलं आज. भर दुपारी, बसल्या जागी, बोलता बोलता. या माणसाला गाडी मिळावी म्हणून ती तीस दिवस इथे निजली होती.

तिनं मास्क काढला. हवा मोकाट सुटली तसे बाबा दचकून उठले. "अगं, दोन तास बाकी आहेत!"

"ते तुम्ही भरा."

"वेडी आहेस का? पाणी येतं नाकात."

"नाही येणार. बाबा, एकदाच. मी सगळं बसवलंय."

"पाच मिनिटं हं. तुझी हौस म्हणून."

बाबा गादीवर आडवे झाले आणि पट्टे सैल करून तिनं मास्क त्यांच्या नाकावर बसवला. बराच वेळ त्यांचा हात मास्कवर होता, कधीही ओढून काढायच्या तयारीत. मग तो हळूच गादीवर पडला.

घोरणं नाही. छाती वर, खाली, वर, खाली. मधे खंड नाही.

मशीनच्या पडद्यावर एक आकडा होता. गळा उघडा ठेवायला मशीनला किती जोर लावावा लागतो, त्याचा. तिच्या गळ्यासाठी तीस दिवसांत तो चारवरून हलला नव्हता. आता सहा झाला. आठ झाला. मशीन हे सगळं लिहून ठेवतं, माहितीपुस्तकात तसं स्वच्छ छापलं होतं. उद्या डॉक्टरांना तिसाव्या दिवशी एक अख्खा वेगळाच माणूस दिसणार होता आणि आधीच्या दिवसांची लबाडी उघडी पडणार होती. बंद करायचं बटण तिच्या हाताशी होतं.

बाबा भिंतीकडे वळले. नळी ताणली गेली, मास्कची कड उचलू लागली. तिनं झटकन नळी पकडली आणि उचलून धरली. नळी सोडल्याशिवाय तिला बसता येईना, दारापर्यंत जाता येईना. आकडा दहा झाला. हाताला मुंग्या यायला लागल्या.

बारा.

तिनं हात बदलला.