डावी कड

तुटलेला दातेरी पट्टा साहेबांच्या टेबलावर पडला होता. बिस्किटांची पॅकिंग लाइन सकाळपासून बंद होती.

"हिनं पट्टा फार ताणला होता," लोंढेकाका म्हणाले. "दाते झिजणारच."

शैलानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पट्टा अंगठ्यानं दाबून ताण कसा ओळखायचा, हे चार वर्षांपूर्वी काकांनीच तिला शिकवलं होतं. मागच्या आठवड्यात नवी पुलीही त्यांनीच बसवली होती. पुली तिरकी वाटतेय, असं ती तेव्हा म्हणाली होती. "माझ्यावर भरवसा नाही का, पोरी?" म्हणत काका हसले होते, आणि तिनं ओशाळून त्याच पुलीवर पट्टा चढवला होता.

"तुला काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

तिनं पट्टा उचलून उलटा धरला. दाते फक्त डाव्या कडेला झिजले होते. उजवीकडे अगदी नव्यासारखे होते.

"साहेब, पट्टा जास्त ताणला तर दाते सगळीकडे सारखे झिजतात. पुली तिरकी असली की एकाच कडेला."

"हे तुला कोणी शिकवलं?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"लोंढे फिटरनी," शैला म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांना काका म्हटलं नाही.