गुलाबाईचा खाऊ

"ही पोरगी म्हणजे नुसती गळकी बादली," मंजुळाबाई म्हणाल्या. तोंड असं केलं, जणू तापल्या दुधात पाल पडली.

पोरगी म्हणजे शेजारची रत्ना, आठ वर्षांची. भाद्रपदात गल्लीत मातीची गुलाबाई बसली होती. रोज सांजच्याला पोरी गाणी म्हणायच्या, मग झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायच्या. ज्या घरचा खाऊ ओळखता येत नाही, त्या घरचा तोरा. फैजपुरात मंजुळाबाईंचा खाऊ आजवर कोणाच्या बापाला ओळखता आला नव्हता. यंदा मात्र डबा हलायच्या आत नाव बाहेर. रत्ना ही मंजुळाबाईंची नात कामिनी हिची जिवाभावाची मैत्रीण, आणि सारा दिवस चुलीपाशी घुटमळणारीही तीच.

"मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं, अक्का," चहाची बशी फुंकत मंदाबाई बोलल्या. दोघी एकाच साली लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. दुपारचा चहा कधी एकीनं एकटीनं घेतला नव्हता. "जिच्या घरचं खाते, तिचंच नाक कापते. हाकला तिले गुलाबाईतून."

"आजी, रत्ना नाही सांगत गं!" कामिनी रडकुंडीला आली.

"तू गप. मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवावं. ज्याले ते पचत नाही त्यानं मैत्री करू नये, बकऱ्या चाराव्या. कळलं?"

कामिनी नाक पुसत बाहेर गेली. मंजुळाबाईंनी मंदाबाईंना जवळ ओढलं.

"आज डब्यात गूळपापडी आहे. पण रत्नाच्या कानात मी सांजोऱ्या सांगते, तिच्या एकटीच्या. कोणी सांजोऱ्या म्हटलं की चोर सापडला. मग त्या पोरीले माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही."

"लय डोकं चालतं बा तुमचं!" मंदाबाई हसल्या.

मंजुळाबाईंनी अंगणात रत्नाला हाक मारली आणि वाकून तिच्या कानाला तोंड लावलं. पोरीनं शहाण्यासारखी मान हलवली. मंदाबाई दारातून पाहत होत्या.

सांजच्याला मंजुळाबाईंच्या ओट्यावर गाणी झाली. कामिनीनं डबा हलवला.

"सांजोऱ्या!" मंदाबाईंची नात रूपाली सगळ्यांच्या आधी ओरडली.

मंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "पाहा! मी नव्हती सांगत? काय गं रत्ने, लाज नाही वाटत? चल, नीघ इथून!"

रत्नाला काहीच उमजेना. ती भेदरून कामिनीच्या मागे लपली. कामिनीनं डबा खाली ठेवला, तिचा हात घट्ट धरला आणि आजीकडं पाहत राहिली.

मंजुळाबाई उठल्या. पोरींकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मंदे, त्या लेकराच्या कानात मी 'दिव्यात तेल घाल' एवढंच बोलली होती. सांजोऱ्या फक्त तुले सांगितल्या. ऊठ माझ्या ओट्यावरून."